ओढणीशिवाय गायला उभं करणाऱ्या कुसुमताई

कुसुमताईंची साठी होते आहे आणि या गौरवग्रंथात मी लिहावं असा मंडळींचा आग्रह. मी मुळात घाबरट माणूस. माइकसमोर धास्तावतो, तसा कागदासमोरही. पण ताईंबद्दल गप्प बसणं कृतघ्नपणा होईल, म्हणून लिहितो.

पहिली भेट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झाली, खोपटला एसटी डेपोमागच्या त्यांच्या तालमीच्या खोलीत. त्यांच्या ऑर्केस्ट्रातल्या गायिकेचं लग्न झालं आणि सासरच्यांनी गाणं बंद केलं. बायकी आवाजात गाणारा पुरुषही चालेल असं कळलं, म्हणून मी गेलो. तोंड उघडण्याआधी मी खिडक्या लावून घेतल्या.

"खिडक्या कशाला लावतोस रे? उकडून मरू आपण," ताई म्हणाल्या. आवाज एवढा भरदार, की दुसरं कोण बोललं म्हणून मी मागे वळून बघितलं. खाडीकाठच्या कोळी घरातल्या या बाई नायकाची गाणी गायच्या. नायिकेची मी गाऊ लागलो.

मात्र एक रीत होती. माझ्या पाळीला मी डोक्यावर ओढणी घ्यायची, मुरकायचं आणि पब्लिकने हसायचं. गडी गंमत करतोय म्हटल्यावर कुणाला राग येत नाही. ओढणी घेतली की मला सुरक्षित वाटायचं. ताईंना मात्र असली सोय नव्हती. पुरुषी गळ्याच्या बाईला लोक हसतही नसत, नुसते बघत राहत. त्या एकदा म्हणाल्या, "गाण्यात तो तिचा पदर धरतो, ती सोड म्हणते. गडी गायला की खाली शिट्ट्या. तेच शब्द मी गायले की सगळे चिडीचूप. तो काय म्हणतोय ते तेव्हा ऐकू येतं वाटतं."

मग नको तेच झालं. मानपाड्याच्या ज्या कारखान्यात मी लेथवर कामाला होतो, तिथल्याच सत्यनारायणाच्या पूजेला आमचा कार्यक्रम ठरला. माझं गाणं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या खात्यातल्या एकाला चालण्यावरून 'बायल्या' म्हणत इतकं पिडलं होतं, की त्याने नोकरी सोडली. तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो, हे लिहायला लाज वाटते. आता माझी पाळी, या धास्तीने चार दिवस अन्न गोड लागेना.

कार्यक्रमाआधी ताईंनी मला बाजूला घेतलं. "ओढणी घे, हसतील, सुटशील. पण मग जन्मभर घ्यावी लागेल. नाहीतर माझ्या शेजारी सरळ उभा राहा नि गा. काय ते तू ठरव, मी रागावणार नाही."

मी ओढणी खुर्चीवर ठेवली. शूरपणा कसला, हात इतके कापत होते की ती डोक्यावर बसेचना. आमचं युगुलगीत सुरू झालं. पहिल्या ओळीला दोन शिट्ट्या आल्या, आणि मग सगळी शेड गप्प झाली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आधाराला म्हणून ताईंकडे बघितलं, तर त्यांच्या हातातला माइकही थरथरत होता. ताईही घाबरत असतील हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाणं मात्र आम्ही पुरं केलं. टाळ्या बेताच्याच पडल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर कुणी नजर मिळवेना. चहाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरचे गांगुर्डे जवळ आले. आता हे ठोकणार, असंच मला वाटलं. पण ते हळूच म्हणाले, "माझा भाऊ वसंता असाच गायचा. आम्ही मारून मारून बंद केलं. आता गा म्हटलं तरी गात नाय."

मी ताईंना सांगितलं. "पाठव त्याला," एवढंच त्या म्हणाल्या.

वसंता दर रविवारी टिटवाळ्याहून तालमीला येऊ लागला, त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. भिंतीला टेकून बसतो, माइकच्या वायरी गुंडाळतो, चहा पितो आणि जातो. अजून एक ओळ गायलेला नाही. ताईंनीही त्याला एकदाही गा म्हटलेलं नाही. किती वर्षं वाट बघायची, असं मी एकदा चिडून विचारलं. त्या म्हणाल्या, "मारणाऱ्यांना घाई होती. आपल्याला कसली?"

गेल्या वर्षी ताई आजारी पडल्या, तेव्हा वसंता दवाखान्याच्या पायऱ्यांवर दिवसभर बसून होता, माझ्याइतकाच भेदरलेला. कुसुमताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आम्हा सगळ्यांसाठी लाभो, पण आधी त्याच्यासाठी. ज्या दिवशी तो गाईल, त्या दिवशी ऐकायला त्या समोर हव्यात.