पाच अंश वजा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ठाऊक नाही — बसा जरा.

आप्पा, म्हणजे माझे वडील, चाकणच्या पश्चिमेला डोंगरावरच्या आमच्या गावात राहायचे. घरामागे सावलीत त्यांचा तापमापक टांगलेला. ऊन आणि थंडी जास्तीत जास्त जिथवर गेली, तिथे त्यात एकेक बारीक काडी अडकून राहते. वाचून झालं की लोहचुंबकाने ती परत ओढायची. आप्पांनी हे वर्षानुवर्षं केलं, पूजा करावी तसं. आकडे ताथवड्याच्या कॉलेजातल्या एका मॅडमना कळवायचे. डोंगर तापतोय, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं — उन्हाची काडी दरसाल पुढे सरकत होती, थंडीची काडी जुन्या खुणेला शिवतही नव्हती. पारावरचे लोक चिडवायचे, "आप्पा, डोंगराला तापाची गोळी द्या की!" आप्पाही हसायचे.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते पिंपळे सौदागरला माझ्या फ्लॅटवर आले. ऐन उन्हाळा. दर रविवारी वर जाऊन वाचून यायचं काम माझ्याकडे आलं. चुंबक हातात देताना म्हणाले, "काडी हळू वढ, बाबा."

पहिल्या रविवारी गेलो. नंतर — नंतर गेलोच नाही. ओव्हरटाइम होता म्हणू? नव्हता. महाळुंग्याला मित्राच्या खोलीवर पंख्याखाली लोळत होतो. मोबाइलवर चाकणचं तापमान बघायचो, पाच अंश वजा करायचो आणि घरी येऊन आप्पांना सांगायचो. डोंगरावर गार असतं, हे काय शिकवावं लागतं?

पण तो फरकच तर मिटत चालला होता. आप्पा इतकी वर्षं तेच तर सांगत होते. माझ्या आकड्यांत डोंगर पुन्हा गार झाला.

वाटलं, खूश होतील. ते आकडा पुन्हा पुन्हा विचारायचे. एका सकाळी त्यांनी मॅडमना फोन लावला. मी शेजारीच चहा पीत होतो.

"बाई, माझं आकडं धरू नका. पोरगं बघतंय तर कमी भरत्यात. माझीच नजर गेली आसंल."

एक वाक्य पुरलं असतं. मी चहात बिस्किट बुडवलं. माझा त्यांच्यावर फार जीव आहे हो — आणि तरी बुडवलं.

गुडघा बरा झाला, पण तापमापक त्यांनी उतरवायला लावला. ते इथेच राहिले. चुंबक आमच्या फ्रिजवर आहे, त्याखाली नातीच्या शाळेचं वेळापत्रक.

परवा दुपारी गॅलरीत बसले होते. बंडी घामाने चिंब. मला हाक मारली.

"आज लई उकडतंय, का मलाच वाटतंय रं?"

"उकडतंय, आप्पा," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

त्यांनी समाधानाने मान डोलावली.

"तू म्हंतोस म्हंजी आसंल."