वामनरावांचं जपानी

पावसाळ्यात आमच्या डेपोचा रस्ता बंद व्हायचा. नदी उतरेपर्यंत ना टपाल, ना ट्रक, ना नवा माणूस. एखादी गंमत घडली तरी ती ज्यांच्यासमोर घडली त्यांनाच परत सांगायची. किस्से साचतात ते असे. चांदा जिल्ह्याच्या त्या टोकाला सागवानाच्या सरकारी डेपोत मुन्शी म्हणून मी किती पावसाळे काढले, ते मोजायचाही आता कंटाळा येतो. पण साचलेल्यातले निम्मे किस्से एकट्या वामनरावांचे आहेत, आणि ते सगळे त्यांच्या जपानी भाषेचे!

वामनराव माझ्याआधीपासूनचे मुन्शी, आर्वीकडचे. बायको आणि लहान मुलगी आर्वीलाच होती, कारण एका पावसाळ्यात दोघींना जंगलातल्या तापानं असं झोडपलं की पुन्हा त्यांना इकडे आणायची वामनरावांची छाती झाली नाही. ते दर वर्षी बदलीचा अर्ज करत आणि दर वर्षी 'विचार चालू आहे' असं उत्तर येई. अशातच एकदा आमचे रेंजर साहेब चहा पिता पिता म्हणाले, की सूरजागडच्या लोखंडाच्या डोंगरावर आज ना उद्या जपानी लोक येणार, त्यांना त्यांची भाषा जाणणारा माणूस लागेल, आणि अशा माणसाला नागपूरच्या ऑफिसात बसवतील.

साहेब चहा पिऊन विसरले. वामनराव विसरले नाहीत.

*

पुस्तक मिळालं ते सोमाभाऊंच्या बाजेखाली. सोमाभाऊ आमचे नाकेदार, म्हणजे जंगलाचे राखणदार. जपान्यांशी झालेल्या लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलेले. येताना त्यांनी फौजेचं एक इंग्रजी-जपानी पुस्तक आणलं होतं आणि बाजेचा एक पाय आखूड म्हणून त्याखाली सरकवलं होतं.

वामनरावांनी ते मागितलं. सोमाभाऊंनी पुस्तकाकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं.

"न्या ना. पण तेवढंच जाड दुसरं द्या."

वामनरावांनी जंगल खात्याच्या नियमांचं पुस्तक दिलं. पुढे रेंजर साहेबांना कुठलाही नियम पाहायचा असला की सोमाभाऊंना झोपेतून उठवावं लागे.

*

शिकवायला कोणी नव्हतं. वामनराव पाटीवर अक्षर गिरवत, पुसत, पुन्हा गिरवत. सुरुवातीलाच झाडाची अक्षरं होती. एक झाड काढलं की झाड, शेजारी दुसरं काढलं की रान, वर तिसरं काढलं की दाट जंगल.

वामनरावांनी ती तीन झाडं गिरवून पाहिली.

"हे जंगल सोडाले शिकून राह्यलो," ते मला म्हणाले, "अन् पयला धडा जंगलाचाच."

*

पुस्तक फौजेचं असल्यामुळे त्यातली सगळी वाक्यं पकडलेल्या शिपायांशी बोलायची होती. 'हात वर करा', 'बंदूक खाली ठेवा', 'पळू नका', 'तुमची पलटण कुठे आहे?' कोणाला 'बसा' म्हणायचं झालं तरी ते जमिनीवरच बसा, असं.

सोमाभाऊंना मात्र ही भाषा आपल्या कामाची वाटली. 'हात वर करा' एवढं त्यांनी वामनरावांकडून तोंडपाठ करून घेतलं. एकदा पहाटे चोरीचं सागवान नेणारा एक गाडीवान त्यांना सापडला. सोमाभाऊंनी गाडीला आडवं जाऊन आरोळी ठोकली, "ते ओ आगेरो!" गाडीवानानं कासरा सोडून दोन्ही हात वर केले.

हे कळलं तेव्हा वामनराव हरखून गेले. आपले उच्चार बरोबर आहेत याची ही पहिलीच पावती होती. त्यांनी दोनदा खोदून विचारलं, की त्याला खरंच समजलं का.

"त्याले समजलं," सोमाभाऊ म्हणाले. "पण माह्या हातात कुऱ्हाड होती, भाऊ."

*

पाटी फुटल्यावर वामनराव ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावर गेरूनं अक्षरं काढू लागले. जागा भरपूर होती. डेपोत थप्पीवर थप्पी रचलेली, आणि पावसाळ्यात त्यांना विचारणारं कोणी नाही. नंबर आणि हातोड्याचा सरकारी शिक्का सोडून उरलेल्या जागेत वामनरावांचा अभ्यास चाले.

दिवाळीनंतर लिलाव झाला. व्यापारी थप्प्यांमधून फिरले, अक्षरांपाशी थांबले, आपसात कुजबुजले. हा काहीतरी वरच्या प्रतीचा नवा शिक्का दिसतो, असा त्यांचा समज झाला आणि अक्षरं असलेल्या थप्प्यांवर बोली चढत गेली. शेजारचं तसलंच सागवान तसंच पडून राहिलं.

रेंजर साहेबांनी वामनरावांना बोलावून घेतलं. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. पण साहेबांनी सगळ्याच ओंडक्यांवर तसं लिहायला सांगितलं. वामनरावांनी चाचरत कबूल केलं, की त्यावर 'पळू नका' असं लिहिलंय.

"म्हूनच औंदा एकबी ओंडका चोरीले गेला नाई," सोमाभाऊ म्हणाले.

*

हा किस्सा हसायचा नाही, पण त्याशिवाय पुढचा सांगता येत नाही.

वामनराव रजा घेऊन आर्वीला गेले आणि रजा शिल्लक असताना परत आले. मग एका दुपारी थप्पीवर बसल्या बसल्या म्हणाले, की मुलगी दारातून त्यांच्याकडे बघत होती आणि तिनं आईला हळूच विचारलं, "हे कवा जानार?"

आई रागावली, मुलगी रडली, वामनरावांनी तिला बत्तासे दिले. पण पुढे मुक्काम करायचं मन राहिलं नाही.

त्या दिवसांत ते पुस्तकाच्या शेवटच्या धड्यावर होते. त्यात पकडलेला शिपाई विचारतो, 'मला कधी सोडणार?' त्याच्या उत्तराचं पान वाळवीनं खाल्लं होतं. वामनराव तेवढं एकच वाक्य गेरूनं गिरवत राहिले. अक्षर फार सुंदर आलं होतं, असं मला वाटतं. मला काय कळतंय म्हणा त्यातलं.

*

आणि जपानी खरंच आले! म्हणजे एकच आला. डोंगर पाहायला जाताना वाटेत आमच्या डेपोवर थांबणार, असा निरोप आला आणि रेंजर साहेबांना आपणच कधीकाळी सोडलेली पुडी आठवली. त्यांनी वामनरावांना त्या भाषेत स्वागताची पाटी लिहायला सांगितलं, आणि पाहुणा खूश झाला की तिथेच नागपूरच्या जागेचं बोलून घ्या, मी आहेच, असंही सांगितलं.

वामनरावांनी पुस्तक उलटंसुलटं चाळलं. फौजेच्या पुस्तकात स्वागत कुठून असणार? त्यातल्या त्यात जी प्रेमाची वाक्यं होती ती निवडून त्यांनी मोठ्या फळीवर लिहिली आणि आम्हाला अर्थ सांगितला: 'घाबरू नका. तुम्हाला कोणी मारणार नाही. पाणी आणि भात मिळेल.'

साहेबांनी विचार केला. "भात नको. कोंबडी केलीय, कोंबडी लिहा."

"पुस्तकात कोंबडी नाई, साहेब."

फळी तशीच फाटकावर चढली.

जीप आली. नागपूरचा एक अधिकारी उतरला आणि त्याच्यामागून पाहुणा. पन्नाशीचा, किडकिडीत, हातात चामडी बॅग. रेंजर साहेब हार घेऊन पुढे झाले, पण पाहुणा फळीपाशीच थांबला होता. त्यानं ती वाचली. पुन्हा वाचली. मग बॅग जमिनीवर ठेवली, आणि हळूहळू दोन्ही हात वर केले.

ही त्यांच्याकडची नमस्काराची रीत असणार, असं साहेबांना वाटलं. त्यांनी हारासकट हात वर केले. ते पाहून नागपूरच्या अधिकाऱ्यानं केले, मी केले, थप्प्यांवरच्या मजुरांनी केले. सोमाभाऊ फौजेतले, त्यांनी आधी कुऱ्हाड खाली ठेवली आणि मग केले. सगळा डेपो हात वर करून उभा.

एकटे वामनराव आत गेले आणि पाण्याचा लोटा घेऊन आले. पुस्तकात यानंतर पाणीच होतं.

पाहुणा लोटाभर पाणी प्याला. कोंबडीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ओंडक्यावर बसून नुसता भात खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत, आणि वामनरावांना शेजारी बसायची खूण केली. बोलणं दोघांनाही जमेना, म्हणून गेरूचा खडा मध्ये ठेवून ते ओंडक्यावर लिहू लागले. आम्ही लांब उभे. रेंजर साहेब पाहुण्याच्या पाठीमागून वामनरावांना खुणा करत होते, की जागेचं विचारा, जागेचं!

वामनरावांनी काहीतरी बरंच लिहिलं. पाहुण्यानं वाचलं. मान वर करून थप्प्यांकडे पाहिलं, आमच्या पत्र्याच्या ऑफिसाकडे पाहिलं, चहूकडच्या जंगलाकडे पाहिलं. मग खडा उचलून एकच ओळ लिहिली.

वामनरावांनी ती वाचली. उभे राहिले. आणि हळूहळू दोन्ही हात वर केले.

पाहुणा हसायला लागला. हसता हसता डोळे पुसू लागला. वामनरावांचा खांदा थोपटून तो जीपमध्ये जाऊन बसला.

धूळ खाली बसायच्या आत साहेब ओंडक्यापाशी पोचले. "काय म्हणाला? जागेचं काय लिहिलंय?"

वामनराव बोटांचा गेरू धोतराला पुसत होते.

"जागेचं नाई, साहेब. मलेच विचारून राह्यले. म्हने, तुमाले कवा सोडनार?"