सीट कव्हरखालचं लॉक

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं आणि माझं पटत नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला शांत ठेवायचा, असं आमची आई समजते. तो अंबरनाथला आमच्याकडे आला की बाबा स्वतः उठून त्याला पंख्याखालची खुर्ची देतात. मी उठत नाही.

भांडणाचं मूळ म्हणजे त्याची गाडी. बदलापूरला सोनिवलीच्या नव्या इमारतीत फ्लॅट झाला, मग गाडी आली, आणि सीट कव्हर बसवायला ती उल्हासनगरला नेली. मी आणि बहीण सोबत होतो. मागच्या सीटवर कव्हर ताणता ताणता सिंधी दुकानदाराने विचारलं, "साईं, बेल्ट का लॉक बाहर निकालूँ? कट मारना पड़ेगा."

याने हात झटकला. "नको नको, फिटिंग का शो जाएगा. अंदर ही दबा दो. मागे कोण लावतं बेल्ट?"

एवढ्यावर थांबला नाही. पुढे बसून पट्टा लावला नाही की गाडी टिंगटिंग करत राहते. ते बंद करायला एक लोखंडी क्लिप मिळते, नुसती खाचेत खुपसायची. त्याने दोन घेतल्या. म्हणजे गाडीला वाटावं, साहेबांनी पट्टा लावलाय. याच माणसाने एअरबॅग किती आणि सुरक्षेचे स्टार किती हे अख्ख्या सोसायटीला ऐकवलं होतं. पट्टा नसला तर तीच एअरबॅग तोंडावर आदळते, असं मी म्हटलं, तर हसून म्हणाला, "ताई, तुम्ही मोबाइलवर फार बघता." मला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

बहीण गप्प होती. ती लहानपणापासून अशीच आहे. चप्पल चावत असली तरी दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून घेऊन येणारी. मला कोपराने ढोसून हळूच म्हणाली, "जाऊ दे ना ताई."

मग तिला दिवस गेले. तपासणीला मी सोबत जायचे, तो बाहेर फोनवर. एकदा डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून विचारलं, गाडीत पट्टा लावता ना? आणि स्वतःच्या अंगावर हात फिरवून दाखवलं. खालचा पट्टा पोटावर नाही, पोटाच्या खाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट. वरचा खांद्यावरून, छातीच्या मधून, पोटाच्या कडेने. काखेतून नाही, पाठीमागून नाही, पीळ पडलेला नाही. "गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही," त्या म्हणाल्या. बहिणीने मान डोलावली. मला माहीत होतं, घरी जाऊन ती एक शब्द बोलणार नाही.

डोहाळजेवण आमच्याकडे झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, गजरे, कंबरपट्टासुद्धा शेवंतीचा. ओटी भरली. निघायची वेळ झाली तेव्हा जावई गाडीत, पुढे त्याची आई, मागे बहीण, आणि पाठराखीण म्हणून मी. मी पट्टा ओढला. लॉक कुठेय? कव्हरच्या पोटात.

"थांबा," मी म्हटलं.

"ताई, सोनिवली काय लांब आहे का? चला."

"लॉक बाहेर काढल्याशिवाय गाडी हलणार नाही."

त्याची आई मागे वळली. "अगं, गर्भारशीला का करकचून बांधतात? पोटावर दाब येईल. आणि एवढी फुलं चुरगळतील ती वेगळीच."

"काकू, फुलं चुरगळू देत."

बाबा खिडकीशी येऊन कुजबुजले, "जावईबापूंना दुखवू नकोस." बहीण म्हणाली, "जाऊ दे ना ताई." त्या क्षणी मला त्या चौघांचाही सारखाच संताप आला. वाडीचा दोरा कापायची कात्री माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढली आणि त्या चकचकीत कव्हरला दोन ठिकाणी खचाखच चिरा दिल्या. आत बोटं घालून दोन्ही लॉक बाहेर ओढली. बहिणीचा पट्टा पोटाखालून नीट बसवला, शेवंतीच्या कंबरपट्ट्याचा चुराडा झाला, आणि मला अतिशय बरं वाटलं.

गाडी निघाली. त्याच्या आईने पदराच्या निऱ्या मोडू नयेत म्हणून आपला पट्टा काखेखालून घेतला होता. त्याच्या स्वतःच्या खाचेत क्लिप होतीच. रागाने गाडी जोरात हाणत होता. पालेगावच्या अलीकडे, जिथे शेतं जाऊन टॉवर उभे राहतायत, तिथे एका साइटमधून डंपर सरळ रस्त्यावर आला. याने ब्रेक दाबला.

बहिणीच्या ओटीतला नारळ उडाला. तिच्या मांडीवरून निघाला तो दोन सीटच्या मधून जाऊन पुढे डॅशबोर्डवर आदळला आणि फुटला. पाणी काचेवर उडालं. त्याच्या आईने हात पुढे टेकले म्हणून तोंड वाचलं, पण बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं. तो छातीने स्टिअरिंगवर आपटला. बहीण मात्र जागची हलली नाही. पट्ट्याने तिला धरून ठेवलं होतं, मला धरलं होतं तसंच. दोन्ही हात पोटावर ठेवून ती फुटलेल्या नारळाकडे बघत राहिली.

माफीचा एक शब्द नाही. "ब्रेक बघितले ना गाडीचे? एक नंबर," तो म्हणाला. त्याची आई मनगटाला रुमाल बांधत म्हणाली, "ओटीचा नारळ फुटला. आधीच कात्री लावली, अपशकुन तिथेच झाला." पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

बाळंतपण आमच्याकडे झालं. मुलगी. बारशाला मी तिच्यासाठी गाडीत बसवायची बाळाची खुर्ची आणली. त्यावर त्याच्या आईने सगळ्यांसमोर नाक मुरडलं. "मावशीने वाळे आणायचे, की प्लास्टिकची खुर्ची? आमच्यात पोर आईच्या मांडीवर बसतं." मांडीवर नारळही बसला होता, असं मी म्हणाले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, ते एक चांगलं झालं.

मायलेकींना न्यायला तो आला त्या सकाळी मी गॅलरीतून गाडी बघितली. मागचं दार उघडं होतं. आत नवं कव्हर, गडद लाल, गुळगुळीत. माझ्या चिरा गेल्या होत्या, लॉकही गेली होती. खुर्ची बांधायला खाली काही उरलंच नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण इथे मरायची पाळी माझ्या भाचीवर होती. तो आत पंख्याखाली पोहे खात होता, बाबा त्याला लिंबू पिळून देत होते. मी स्वयंपाकघरात कात्री शोधली. खुंटीवर नव्हती. मग सुरी घेतली आणि जिने उतरले.

गाडीपाशी पोचले तर मागच्या सीटवर कोणीतरी गुडघे टेकून वाकलेलं. बहीण होती. हातात आमची कात्री. लाल रेक्झिन जाड होतं, ती दातओठ खाऊन कापत होती, कपाळावर घाम होता. माझ्या हातातली सुरी तिने पाहिली.

"जाऊ दे ना," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, तिचंच वाक्य तोंडात आलं.

"का जाऊ दे?" ती म्हणाली. "तू वर जाऊन बाळाला घे. आणि यांना सांग, पोहे सावकाश खा, माझं अजून एक लॉक राहिलंय."