आवाज काढून वाचलेलं मत

तेरच्या आमच्या वाचनालयात एक रीत आहे. ती मीच पाडली, त्यामुळे तिच्यातल्या बऱ्यावाईटाचा धनीही मीच. पुस्तक वाचून झालं की परत करण्याआधी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आपलं मत लिहायचं, मोकळेपणानं आणि नाव न घालता. नाव घालायचं नाही, असा कागदच मी भिंतीवर चिकटवला आहे. नाव घातलं की आमच्याकडं माणसं पुस्तकाबद्दल लिहीत नाहीत, चारचौघांत शोभेल असं लिहितात.

वर्षातून एकदा, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला, ही मतं मी सर्वांसमोर वाचून दाखवतो. आता तुम्हाला माझा स्वभाव सांगायला हवा. तरुणपणी गावच्या नाटकांत मी खलनायकापासून सासूपर्यंत सगळी पात्रं केली आहेत. टाळी पडली की मला दोन दिवस भूक लागत नाही. अशा माणसाच्या हातात कागद दिल्यावर तो सरळ कसा वाचेल? त्यात वीस वर्षं ग्रंथपाल म्हणून रजिस्टरात या लोकांच्या सह्या घेतोय. अक्षर बघितलं की माणूस कळतो आणि माणूस कळला की त्याचा आवाज आपोआप माझ्या घशात येतो. लोक ओळखतात, खिदळतात, ज्याची नक्कल केली तोही हसतो. नाव मात्र मी कधीच घेत नाही. याला मी माझा प्रामाणिकपणा समजत होतो.

त्या वर्षी एका पुस्तकावर इतकी मतं आली की शेवटचं पान भरलं आणि मला आणखी एक कोरं पान चिकटवावं लागलं. पुस्तक होतं किशोरांसाठीचं. दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्या बाईची मुलगी एका स्फोटात सापडते, वाचते, आणि दुसऱ्या दिवशी उठते ती अंगात वीस माणसांचं बळ घेऊनच. चार दिवसांत उडायला शिकते. आईच्या जुन्या लुगड्याचा पोशाख शिवते, तोंड झाकते आणि गावावरची संकटं दूर करत सुटते. शेवटी ती आईला सगळं सांगते, आई तिला पोटाशी धरते, आणि इथून पुढं तिची खरी कहाणी सुरू होणार असं सांगून पुस्तक संपतं. मुलांसाठी म्हणून आणलेलं हे पुस्तक मुलांच्या हाती लागेपर्यंत अर्ध्या गावानं वाचून काढलं.

त्या रविवारी दुपारी हॉल भरला होता. मी पहिलं मत वाचलं ते निवृत्त विज्ञान शिक्षकांच्या नाकातल्या आवाजात: "माणसाचं वजन आणि हवेचा रोध पाहता हे उड्डाण अशक्य आहे. पृष्ठ चाळीसनंतर मी वाचन थांबवलं, तथापि शेवट आवडला." हॉल हसला. दुसरं एका माउलीचं. रोज डोक्यावर दोन हंडे आणणारी ती बाई वाचनालयात येते तीच मुळी बसायला सावली आहे म्हणून: "पोरीच्या अंगात इतकं बळ आलं, लई चांगलं झालं. पण सबंध पुस्तकात एकदाबी तिनं आईचा हंडा उचलला न्हाय." पुन्हा हशा. बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, "खरंय की ओ ते." मी अगदी रंगात आलो होतो.

मग ते मत आलं. मी ते आधी घरी तीनदा वाचलं होतं, आरशासमोर एकदा. सबंध पुस्तकावर इतकं नेमकं कुणी लिहिलं नव्हतं. अक्षर गिरणीवाल्याच्या मुलीचं. बारावी झालेली, एकोणीस वर्षांची. तिची बोलायची एक तऱ्हा होती, सुरुवात हळू, मग एकदम सुसाट, आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाला "बरं का." लिहिताना तिनं ते "बरं का" कुठंच घातलं नव्हतं. ते मी घातलं, चार वेळा.

"ही मुलगी चार दिवसांत उडायला शिकते, हे लेखकाला काही माहीत नसल्यामुळं झालंय, बरं का. मी सात महिने पळतेय. पहिला महिना रोज उलटी व्हायची. पाय सुजायचे. बळ असं एका दिवसात येत न्हाय, ते रोज थोडं येतं आणि एखाद्या दिवशी थोडं परत जातं, बरं का."

लोक हसत होते, माझ्या आवाजाला. मी पुढं गेलो.

"टायपिंगच्या क्लासला म्हणून पहिल्या बसनं धाराशिवला जायचं, तिथल्या मैदानावर भरतीची तयारी करायची, आणि घरी येताना तोंड धुऊन यायचं, हे तोंड झाकण्यापेक्षा अवघड आहे, बरं का. आणि आईला सांगितल्यावर आई लगेच पोटाशी धरते, हे तर सगळ्यांत खोटं. सांगायला जमतच न्हाय, तर पोटाशी कोण धरणार, बरं का."

शेवटच्या दोन वाक्यांना कोणी हसलं नाही. मी मान वर केली. तिसऱ्या ओळीत गिरणीवाला बसला होता. तो रोज पेपर वाचायला यायचा, कार्यक्रमाला कधी येत नसे, त्या दिवशी आला होता. पोरीला पोलिसात जायचंय हे कळल्यावर वर्षापूर्वी यानंच गिरणीत दहा माणसांसमोर सांगितलं होतं की माझी पोर बंदोबस्तात उन्हात उभी राहून कुणाचं ऐकून घेणार नाही. हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. पण टाळ्यांच्या नादात मला ते आठवलंच नाही, यापलीकडं माझ्याकडं दुसरा जबाब नाही.

तो उठला, टोपी घातली, दाराशी चपला शोधल्या आणि निघून गेला. मुलगी बायकांमध्ये बसली होती. ती रडली वगैरे नाही. फक्त माझ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं तेव्हा ती पायरीवर उभी होती.

"काका, नाव कळणार न्हाय म्हणाला होतात." वाक्याच्या टोकाला "बरं का" नव्हतं.

"मी नाव घेतलं का?" मी म्हणालो. एवढा पडेल संवाद मी आयुष्यात म्हटला नसेल.

"आवाज घेतलात की."

मग तिनं सांगितलं. वडिलांनी तिचं बसनं जाणं बंद केलं होतं. पळायचे बूट धाराशिवला मैत्रिणीच्या खोलीवर असायचे, ते त्यांनी रात्रीच जाऊन आणले होते आणि गिरणीत कुलूप लावून ठेवले होते. तिला मारलं नव्हतं, तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. आणि मैदानी चाचणी अकरा दिवसांवर आली होती.

"अकरा दिवस बसून राहिले तर आठशे मीटरला दमच पुरायचा न्हाय," ती म्हणाली. "तुम्हीच काढा आता यातून."

दुपारी ज्वारीचा डबा घेऊन मी गिरणीत गेलो. रिकाम्या हातानं जायचं धाडस नव्हतं. त्यानं माझा डबा ओळीत ठेवला आणि माझ्यानंतर आलेल्या चौघांचं दळण आधी केलं. पट्ट्याच्या आवाजात बोलताही येत नव्हतं. शेवटी सगळे गेल्यावर त्यानं बटण बंद केलं.

"बोला सर. आज कुणाचा आवाज काढणार?"

"चूक माझी आहे, दादा. पोरीची न्हाय."

"तुमची हाय की. तमाशा केलात माझ्या घराचा." तो पिठानं पांढरा झाला होता, भुवयांपर्यंत. "पण ते सोडा. गाव काय, चार दिवस हसंल. मला एक सांगा, तिनं ते पुस्तकात का लिहिलं?"

"नाव नसतं म्हणून."

"म्हंजे गावातल्या कुणालाबी सांगितलं तर चालतंय. मला न्हाय."

मी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"तिनं आईचं लिहिलंय," तो म्हणाला. "आईला सांगायला जमत न्हाय म्हणती. बापाचं तर लिहिलंबी न्हाय. बापाला सांगायचं तिच्या मनातच आलं न्हाय, अं? सात महिने मी रोज बसभाड्याला खिशात हात घातला. एकदाबी इचारलं न्हाय, टायपिंग कुठवर आलं. बोटं कशी चालत्यात. इचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

मी बूट मागितले. तो म्हणाला, "आधी ते पुस्तक द्या."

मी संध्याकाळी पुस्तक पोचवलं. वाटलं होतं एक दिवस लागेल. पण हा माणूस बोट ठेवून वाचणारा, पेपरची एक बातमी त्याला चहा थंड होईपर्यंत पुरते. एक दिवस गेला, दोन गेले. मुलगी घरामागच्या पत्र्याच्या आडोशाला अनवाणी जागच्या जागी पळत होती, असं तिच्या आईनं मला सांगितलं. मी दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून गिरणीवरून जायचो. पुस्तक पिठाच्या पोत्यावर उघडं पडलेलं असायचं, मध्ये खूण म्हणून दोरी. खूण फार हळू सरकत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला संवाद सुचत नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी तो वाचनालयात आला आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.

"आठशे मीटर म्हंजे किती ओ?"

मी हिशेब करून सांगितलं, तुमच्या गिरणीपासून बसस्थानक आणि परत, त्याहून थोडं जास्त.

"एवढंच?" तो म्हणाला. मग पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून, "उलटी व्हायची म्हणं रोज."

बूट त्यानं त्याच दिवशी दिले. तिच्या हातात दिले नाहीत, घरी चुलीपाशी ठेवले आणि गिरणीत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या बसला तो स्वतः तिच्याबरोबर होता. मैदानाच्या कडेला उभा राहिला, परत येताना तिच्या हातातली पिशवी त्यानं घेतली. चाचणीच्या दिवशीही तो गेला. गिरणी बंद ठेवून.

ती पास झाली नाही. धावण्यात निभावलं, गोळाफेकीत मात्र कमी पडली आणि थोड्या गुणांनी यादीत नाव आलं नाही. मला हे तिच्या वडिलांनी सांगितलं, दळण देताना, इतर कुठली बातमी सांगावी तसं. पुढच्या भरतीला ती पुन्हा बसणार हेही त्याच दमात सांगितलं. माझ्यावर त्यानं ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी मतं वाचतो ती सपाट आवाजात. लोक कुरकुरतात. मागच्या वर्धापनदिनाला विज्ञान शिक्षक म्हणाले, "तुमची तब्येत बरी नाही का?" माउली तर तोंडावर म्हणाली, "पहिल्यासारखी मजा न्हाय राहिली, सर." राहिली नाही, हे मलाही कळतं. घशात आवाज येतात, मी पाण्याचा घोट घेतो.

यादी लागल्यानंतर दोनेक महिन्यांनी ती मुलगी पुस्तक न्यायला आली. उन्हानं रापली होती. मी रजिस्टर पुढं केलं आणि इतके दिवस जे विचारायचं होतं ते विचारलं.

"त्या पाच दिवसांमुळं गेलं का गं?"

तिनं सही केली, पेन्सिल खाली ठेवली आणि खरंच विचार केला. मला वाटत होतं ती म्हणेल, न्हाय ओ काका, तसं काही न्हाय. आमच्याकडं मोठ्या माणसाला असंच म्हणतात.

"माहीत न्हाय," ती म्हणाली. "गोळा कधी कधी जायचा, कधी कधी न्हाय. ते पाच दिवस मिळाले असते तर कळलं असतं."

मी मान हलवली. तिनं पुस्तक पिशवीत टाकलं आणि दाराकडं गेली.

"यावर लिहिणार का काही?" मी विचारलं.

ती थांबली. "लिहीन की. पण तुम्ही मनात वाचायचं."