कडवळाआडचा पाला

तेलात शिजणाऱ्या हिरव्या पाल्याचा तो उग्र, कडवट वास अजूनही कधी अवचित आठवतो आणि अंगावर काटा येतो. वास तसा वाईट नव्हता. गवत कापल्यावर रानात जो ओला दर्प रेंगाळतो, त्याचाच तो थोरला भाऊ म्हणा ना! पण त्या वासाने मला माझीच ओळख करून दिली, आणि ती काही सुखाची नव्हती.

नव्वदचे दशक सरत आले होते. दौंडजवळच्या आमच्या वस्तीवरून मी रोज कुरकुंभला, औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला जाई. अंगात पांढरा कोट आणि मनात केवढा तो अभिमान! माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणत असू. तरुणपणी मेंढरांमागे मुलूख पालथा घातलेल्या त्या बाईला संधिवाताने पार जेरीस आणले होते. बोटांची पेरे आल्याच्या गड्ड्यासारखी सुजून भाकरी थापणेही होईना. डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेल्या सुजेवरच्या गोळ्या मी पुढे वर्षानुवर्षे आणत राहिले, आणि वेळेवर घेतल्या का, हे दटावून विचारत राहिले. आपल्या हातून घरच्या माणसाचे दुखणे हलके व्हावे, याहून मोठे समाधान ते कोणते?

त्या संक्रांतीला वस्तीवर कासार आला, आणि कैक वर्षांनी आत्यांच्या हातात बांगड्या न अडखळता चढल्या. सूज ओसरली होती! मी मनातून फुलून गेले. माझ्याच गोळ्यांचा गुण, दुसरे काय? पुढच्याच रविवारी परसातल्या चुलीकडून तो वास आला. माग काढत तिकडे गेले, तर ज्वारीच्या कडवळाआड पुरुषभर उंचीची तीन झाडे! पोलिसांच्या छाप्याच्या बातमीखाली वर्तमानपत्रात हीच पाने पाहिली होती. गांजा, आणि तोही आमच्या घरात!

आत्यांना त्यात काहीच वावगे वाटत नव्हते. त्यांचे सासरे लंगडणाऱ्या मेंढरांच्या पायाला हा पाला बांधत. आत्यांनी तो तेलात शिजवून स्वतःच्या बोटांना चोळला, इतकेच. "मेंढराला लावायचो तवा कुनी धरून न्हेलं न्हाई," एवढे बोलून त्या थांबल्या. मी मात्र थांबले नाही. कायदा सांगितला, तुरुंगाची भीती घातली, अडाणीपणा काढला. त्याच दुपारी झाडे उपटून उकिरड्यात गाडली, तेल ओतून दिले. गुण पाल्याचा होता की नुसत्या गरम तेलाने चोळण्याचा, हे मला आजही ठाऊक नाही. आता याच पाल्याचा दुखण्यावरचे औषध म्हणून अभ्यास चालतो, असे वाचते. पण निदान विचारून पाहावे, एवढेही प्रयोगशाळेतल्या मला त्या दिवशी सुचले नाही.

दोन महिन्यांनी आत्यांना रक्ताची उलटी झाली. दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, पोटात आग कधीपासून पडते? आत्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि हलकेच सांगितले, दोनतीन वर्षे झाली असतील. गोळ्यांनी पोट पेटते म्हणून त्यांनी पाल्याचा आधार घेतला होता, तेल होते तोवर गोळ्या बंद ठेवल्या होत्या; आणि झाडे गेल्यावर मुकाट्याने पुन्हा सुरू केल्या होत्या! बोलला का नाहीत, असे मी जवळजवळ रागानेच विचारले.

"तू येवढ्या कौतुकानं आनायचीस," त्या म्हणाल्या. "सोसत न्हाई, असं कुठल्या तोंडानं म्हनू?"

माझ्या अभिमानाला धक्का लागू नये म्हणून एक माणूस दोनतीन वर्षे आतून जळत होते, आणि मी त्याला अडाणी म्हटले होते. आत्या त्यातून वाचल्या, हे माझे नशीब. घरी आणल्यावर त्यांचा हात मी प्रथमच हातात घेतला आणि कुठे, कसे दुखते, ते विचारले. त्या आधी संकोचल्या, मग सांगू लागल्या. दिवेलागण झाली, तरी त्यांचे सांगणे संपले नव्हते.