कानिफच्या नावाची कुळुस्की

आमच्या सासूबाई गोजरबाई म्हणजे शिंगणापुरातलं एक अजब प्रकरण. चूल फुंकताना कोल्हापुरी शिव्या आणि बटाटे सोलताना पोलंडची गाणी. खोटं नाही सांगत. मोठ्या लढाईच्या काळात नवरा वारला, तेव्हा तान्हं पोर कडेवर घेऊन त्या भावाकडे कोल्हापूरला गेल्या आणि वळिवड्याच्या छावणीत एका पोलिश बाईकडे कामाला लागल्या. देश सुटलेली माणसं ती. त्या बाईचा नवरा लढाईत हरवलेला, मेला की जिवंत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या बाईकडून सासूबाई बटाट्याच्या क्लुस्की शिकल्या. आमच्या घरात त्याची कुळुस्की झाली. वर्षातून एकदाच करायच्या, नाताळच्या आदल्या दिवशी. उकडलेले बटाटे कुस्करून परातीत थापायचे, चार भाग पाडायचे, एक भाग उचलायचा आणि त्या रिकाम्या जागेत मावेल तेवढंच पीठ घालायचं. मग सगळं मळून लिंबाएवढे गोळे वळायचे, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. आधी तळाशी जातात, शिजले की वर येतात. तूप-मीठ घालून झकास लागतात, एवढं मी मान्य करते.

पण तेवढ्यावर थांबतील तर त्या गोजरबाई कसल्या? ज्याचा पत्ता नाही त्याच्यासाठी एक ताट जादा मांडायचं. पहिली चांदणी दिसल्यावरच जेवायला बसायचं. आणि बसण्याआधी आपल्या पाटावर फुंकर मारायची, कारण त्या संध्याकाळी घरची मेलेली माणसं येऊन बसतात, त्यांच्या अंगावर बसू नये. मी नगरची, सातवी शिकलेली, मला हसू यायचं. पण आमच्या गावात घराला दार नसतं, नुसती चौकट आणि पडदा. कोण आलं ते कडी वाजून कळत नाही. दिवेलागणीला पडदा हलला की माझंही हसू आटायचं.

एकाहत्तरच्या लढाईत आमचे हे, कानिफनाथ, हरवले. पलटणीकडून एवढंच कळलं, सापडत नाहीत. वर्ष होऊन गेलं. चुलतसासरे कारभारी येता-जाता सांगायचे, "पोरी, त्याचं दिवस घालू. जीव अडकून ऱ्हातो." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जित्या माणसाचे दिवस घालायचे आणि मी कुंकू पुसायचं? फुंकरही मी मारत नव्हते. मारली म्हणजे ह्यांना मेलेलं धरलं.

शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. "पोलंडची बाई नवऱ्याच्या नावाची कुळुस्की सोडायची. वर आली की म्हनायची, जित्ता हाय. आपुन बी सोडू. आली तर कारभारीचं तोंड मी बंद करते."

"आणि नाही आली तर?"

"एका वर्साला न्हाई आली. तवापासून बाई काळं नेसाया लागली."

दुष्काळाचं साल, तरी त्यांनी सोनईच्या बाजारातून बटाटे आणले. माझ्या गोळ्यावर माझा अंगठा, त्यांच्यावर त्यांचा. ह्यांच्या गोळ्यावर त्यांनी जुन्या खाकी सदऱ्याचं बटण दाबलं. चार भोकांची खूण उमटली.

माझी वर आली. त्यांची आली. बाकीच्याही आल्या. बटणाची तेवढी तळाशी बसून राहिली. पाणी नुसतं खळखळत होतं, पण ती जागची हलेना.

"कच्ची असंल," म्हणत सासूबाईंनी जाळ वाढवला. पाणी आटत चाललं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मनकर्णा, कारभारीकडनं तांब्याभर पानी आन."

परत आले तर चार भोकांची कुळुस्की पाण्यावर तरंगत होती. "बघ, आली माझ्या लेकाची," त्या म्हणाल्या. त्यांची बोटं पिठाने भरलेली होती. मला इतका आनंद झाला की ते मी बघूनही बघितलं नाही.

त्या ताटं मांडू लागल्या, पोलंडचं गाणं गुणगुणत. त्या साली आम्ही थेंबही फेकत नव्हतो, म्हणून मी पातेल्यातलं पाणी शेळीसाठी बादलीत ओतलं. तळाला एक कुळुस्की चिकटलेली होती. बटणाची चार भोकं फुगून पसरली होती. ह्यांच्या ताटातल्या कुळुस्कीवर तीच भोकं कोरीव होती, ताजी. काय बोलणार, आई होती ती.

बाहेर चांदणी दिसली. वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी चौकटीतला पडदा आत फुगला आणि पुन्हा सरळ झाला. सासूबाई फुंकर मारून बसल्या. मी माझ्या पाटाशी वाकले आणि मीही फुंकर मारली.

गाणं थांबलं.

"बघितलीस व्हय तू," त्या म्हणाल्या.

मी होकाराची मान हलवली. मला रडू आवरेना. त्यांनी ह्यांच्या ताटाकडे बघितलं. "सकाळी कारभारीला बोलाव," म्हणाल्या.

बसायचं म्हणून मी पाटाला हात लावला. डिसेंबरची थंडी, चूल पार पलीकडच्या कोपऱ्यात, आणि पाट ऊन लागत होता, कुणी नुकतंच बसल्यासारखा. मी त्यावर बसले नाही. शेजारी जमिनीवर बसले आणि ह्यांचं ताट त्या पाटापुढे सरकवलं.