दातीरांचा तास

दुपारचे अडीच. साताऱ्यातल्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये शैला दातीर नव्या अभ्यासक्रमाचा कागद पुढ्यात घेऊन बसली आहे. मजकूर वाचणारे, तोडणारे, मोजणारे प्रोग्रॅम मुलांकडून लिहून घ्यायचे, असा विषय. तीनला आराखडा द्यायचाय. 'वाक्यातले शब्द वेगळे करणे' या ओळीवर तिचे डोळे मिटू लागतात.

"मान अवघडेल गं."

समोरच्या खुर्चीत मधुसूदन बसला आहे. तिचा नवरा. जाऊन पाच महिने झाले, तरी चष्मा कपाळावर ढकललेला तो ढकललेलाच. चौतीस वर्षं त्याने छापखान्यात लोकांच्या चुका काढल्या.

"अहो, तुम्ही इथे कसे?"

"पेपरात माझी निधनवार्ता दिलीस ना? ती तपासायची राहिली."

आता ते छापखान्यात आहेत. शाईचा वास येतोय. टेबलावर तीच निधनवार्ता पसरली आहे, आणि तो 'दु:खद'वर बोट ठेवतो. "इथे विसर्ग हवा. तू कोलन टाकलास."

"सारखेच दिसतात हो."

"तुला. तुझ्या प्रोग्रॅमला विचार."

ती विचारते. पडद्यावर शब्द एकाखाली एक पडतात. 'दु' वेगळा, 'खद' वेगळा. कोलन दिसला म्हणून मशीनने शब्द तिथेच तोडलाय. मधुसूदन गालातल्या गालात हसतो. शैलाला मात्र रडू आवरत नाही. हेच तर त्याला मुलांना सांगायचं होतं. "तुझ्या मुलांचा एक तास मी घेऊ का?" असं त्याने किती आशेने विचारलं होतं, आणि ही बया फटकन म्हणाली होती, "तुमचं काम आता प्रोग्रॅमच्या दोन ओळींत होतं." त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही.

ते घरी ओट्यापाशी उभे आहेत. तो चहा गाळतोय.

"मी तसं बोलायला नको होतं," ती म्हणते.

"खरंच होतं की. फक्त दोन नाही, तीन ओळी लागतात."

"थट्टा नको. वाईट वाटलं होतं ना?"

तो गाळणी धुतो, खिळ्याला अडकवतो.

"तयारी केली होती मी," तो हळूच म्हणतो. "शर्टसुद्धा इस्त्री करून ठेवला होता."

ती त्याचा हात धरायला जाते. हाताला नुसती वाफ लागते.

"मॅडम, कागद झाला का?"

शैला दचकून जागी होते. ऑफिसात नव्याने लागलेले परब दारात उभे आहेत. कागदावर, पहिल्या प्रकरणाच्याही वर, लाल शाईत एक ओळ आहे. अक्षर तिचंच, पण पार वेडंवाकडं: 'तास पहिला. मुद्रितशोधन. म. वि. दातीर.' शाई अजून ओली आहे, तिच्या करंगळीलाही लागली आहे.

परब वाकून वाचतात. "हे दातीर सर तुमच्या नात्यातले का? कधीपासून येणार?"

"येणार होते," शैला म्हणते. "मीच नको म्हटलं."